पुढच्या उजव्या पायाचं बेरिंग

"कामाला निघालेल्या जित्राबाच्या पुढच्या उजव्या पायावर तांब्याभर पाणी घातल्याबिगार त्याला दाराबाहीर सोडायचं न्हाय, गंगव्वा. बैल असू दे, रेडा असू दे. इसरायचं न्हाय. मी मेल्यावर बी न्हाय."

सासूबाईंनी, म्हणजे तानुबाईंनी हे सांगितलं तेव्हा गोठ्यात बैल होते. पुढं सत्तर साली गंगव्वाच्या नवऱ्यानं, आण्णाप्पानं, बैल विकून चिकोडीहून एक जुना निळा ट्रॅक्टर आणला. तो दारात येऊन धूर सोडत उभा राहिला तशी गंगव्वा तांब्या घेऊन बाहेर आली आणि घोटाळ्यात पडली. ह्याचे पुढचे पाय कुठले?

तानुबाईंनी ट्रॅक्टरला दोन फेऱ्या मारल्या, चष्मा पुसला आणि निकाल दिला. "हे बारकं ते पुढचं. मागचं ढुंगण दिसतंय की एवढं!"

"पन पानी घालायचं कुठं, आत्ती?"

"घोट्यावर."

चाक जिथं आसाला जोडलेलं असतं, त्याच्या आतल्या अंगाला, तो घोटा. एवढं पक्कं झालं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी गंगव्वानं उजव्या घोट्यावर तांब्याभर पाणी घातलं. तानुबाई गेल्या, त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं, पण पाणी चुकलं नाही. आण्णाप्पा ते नऊ वर्षं बघत होता, पण बायको तुळशीला पाणी घालते ते जसं नवरे बघतात, तसं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मष्णू मात्र सीटवर बसून, इंजिन बंद ठेवून, पाणी घालून होईपर्यंत थांबायचा. मग म्हणायचा, "येतो, आक्का."

अशी नऊ वर्षं गेली आणि कार्तिकातल्या एका सोमवारी ट्रॅक्टर दारातच बसला. बसला म्हणजे, पुढचं उजवं चाक फिरेना. मष्णूनं गिअर टाकला की सगळा ट्रॅक्टर, एखादं पोर आईचा पदर धरून गोल फिरावं तसा, उजव्या चाकाभोवती वळायचा आणि गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून थांबायचा.

झालं! गुरुवारी फॅक्टरीची ऊसतोड लागणार होती. आण्णाप्पानं आदल्याच दिवशी चावडीवर सगळ्यांना, न विचारता, सांगितलं होतं की औंदा पहिली ट्रॉली माझी. आण्णाप्पा कुठलीही गोष्ट हळू सांगत नसे. तो मळ्यात बैलगाडीवाल्याला वाट विचारायचा ती सदलग्याला ऐकू जायची, असं लोक म्हणत. मनानं माणूस वाईट नव्हता, पण राग असा की एकदा आला की घरातली मांजरंसुद्धा आपापला हिशेब करून माळ्यावर जायची.

त्या रागासाठीच तर गंगव्वानं सोळा सोमवार धरले होते. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू केले. दिवसभर उपवास, आणि अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत मौन. महादेवापुढं तिचं मागणं एवढंच होतं की ह्यांचा राग थोडा उतरू दे. शेजारच्या शेवंताबाईंना हे पटलं नव्हतं. "अगं, राग त्याला हाय, आन् गप्प तू बसनार? औषध एकाला आन् पथ्य दुसऱ्याला!" पण पटलं नाही तरी शेवंताबाई दर सोमवारी न चुकता येऊन बसत, कारण गंगव्वा खुणा करणार आणि त्या खुणांचा अर्थ गावाला सांगायला कुणीतरी हवंच. ते काम शेवंताबाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. चौदा सोमवारांत त्यांचा एकही अर्थ बरोबर आला नव्हता. हा सोमवार पंधरावा.

दहाच्या बसनं निपाणीहून धर्मराज मिस्त्री आला. हा मूळचा अनगोळचा. बेळगावात पंधरा वर्षं गॅरेजात काढून निपाणीत स्वतःचं दुकान टाकलेला. पिशवीत पाने, छन्न्या आणि एक पुलर. पुलर म्हणजे तीन नख्यांचा लोखंडी खेकडा. तो बेरिंगाला मागून धरतो आणि मधला बोल्ट पिळला की बेरिंग ओढून काढतो. धर्मराज आधी कामाकडं बघायचा नाही. आधी चहा, मग पान, मग कामाकडं तिरकं बघून "हं" म्हणायचा.

"हं," तो म्हणाला.

जॅक लावून डावं चाक आधी काढलं. ते लोण्यातून सुरी जावी तसं निघून आलं. उजवं चाकही हातोड्याचे चार दणके खाऊन निघालं. बाहेरचं बेरिंग त्याच्याबरोबर आलं. पण आतल्या बेरिंगाचं कडं आसाला जे धरून बसलं ते बसलंच. धर्मराजनं पुलर लावला. बोल्ट पिळला. खेकड्याची एक नखी सरकली. परत लावला, परत सरकली. तिसऱ्यांदा धर्मराजनं पाइपचा दांडा घालून जोर केला आणि नखी मोडून तिचा तुकडा उडाला तो थेट शेवंताबाईंच्या पुढ्यात. त्यांनी तो उचलून पदराला पुसला आणि जपून ठेवला.

एव्हाना बघायला माणसं जमली होती. त्यांत नागोजी म्हातारा पुढं. ट्रॅक्टर त्याच्याकडं कधी नव्हता, त्यामुळं त्याला त्यातलं सगळं कळत होतं.

"डावं सुटलं आन् उजवं न्हाय," नागोजी म्हणाला, "ह्याचं कारन साधं हाय. आमच्या गावातनं तोंड निपाणीकडं केलं की उजव्या अंगाला म्हाराष्ट्र येतोय. त्या चाकाला तिकडं जायाचं हाय. बाकीची तीन चाकं कर्नाटकात ऱ्हावा म्हनत्यात. मग जाम हुईल न्हाय तर काय!"

"आन् तोंड चिकोडीकडं केलं की?" कुणीतरी विचारलं.

"मग डावं जाम हुनार. वाट बघा."

धर्मराज हसला नाही. मोडलेल्या पुलरकडं बघून त्याचं हसू गेलं होतं. त्यानं कड्यावरचा मळ नखानं खरवडला. वर सगळं काळं, जुनं ग्रीस आणि माती. "आण्णा," तो म्हणाला, "बेरिंग असं दोन कारनांनी धरतंय. एक तर पानी जाऊन गंजतंय. न्हायतर ग्रीस नसलं की तापून जळतंय आन् आसाला डागल्यागत चिकटतंय. गंजलं असलं तर रॉकेल पाजून, धीरानं, रात्रभर ठेवून निघतंय. जळलं असलं तर निघत न्हाय. गॅसनं कापावंच लागतंय." मग मष्णूकडं वळून, "काय रं, ओढ्यात उभा करून धुतोस काय ट्रॅक्टर? पानी जातंय काय चाकात?"

गंगव्वा तेव्हा चुलीपुढून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मष्णूनं मान वर केली. त्याची नजर धर्मराजवरून निघाली, दारात आली, तिथं उंबऱ्याजवळ ठेवलेल्या पितळी तांब्यावर एक क्षण थांबली, आणि तशीच खाली गेली.

"न्हाय," मष्णू म्हणाला. "पानी जात न्हाय."

गंगव्वानं चहाचा ट्रे तिथंच खाली टेकवला.

"पानी न्हाय म्हंजे ग्रीस न्हाय!" आण्णाप्पाचा आवाज चढला. "धा-धा डबं ग्रीस आनून दिलं तुला! कुठं घातलंस रं? भाकरीला लावून खाल्लंस?"

"घातलंय मी, आण्णा. दर आठवड्याला."

"घातलंस तर जळलं कसं? बेरिंग खोटं बोलतंय काय? नऊ वर्षं ट्रॅक्टर तुझ्या हातात, आन् तोडीच्या तोंडावर माझं नाक कापलंस! जा. उतर. उद्यापास्नं येऊ नगंस."

मष्णूनं खिशातून चावी काढली, बॉनेटवर ठेवली, सीटवरचा आपला टॉवेल उचलला आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीच्या वाटेला लागला. जाताना त्यानं गंगव्वाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सगळं तिला उभ्या उभ्या कळलं होतं. तो नऊ वर्षं सीटवर बसून बघत होता, पाणी कुठं जातं ते. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. बोलला नाही. आणि आपण बोलू शकत नाही, कारण दिवेलागणीला अजून सहा तास आहेत, आणि आज बोललं की चौदा सोमवार पाण्यात.

'पाण्यात' हा शब्द मनात आला आणि तिला रडू की हसू ते कळेना.

तिकडं आण्णाप्पानं एका पोराला सायकलवर पिटाळून निपाणीच्या मारुतीरावांना गॅसचं सामान घेऊन बोलावलं. धर्मराज म्हणाला, "आण्णा, एक सांगून ठेवतो. आग आसाला लागली तर आस गेला. असला आस आता बेळगावात न्हाय, हुबळीत न्हाय. ह्या ट्रॅक्टरला इथंच गोठा बांधायचा मग."

"दुसरा उपाय हाय?"

"जळलेल्याला न्हाय."

गंगव्वानं ठरवलं, बोलायचं नाही पण सांगायचं. लिहायला तिला येत नव्हतं. तिनं उंबऱ्याजवळचा तांब्या भरून घेतला, माणसांच्या मधोमध आली, तांब्याकडं बोट केलं, मग आसाकडं बोट केलं.

सगळे शेवंताबाईंकडं बघायला लागले.

"मिस्त्री घामाघूम झाल्यात, पानी द्या म्हनतीया," शेवंताबाई म्हणाल्या.

धर्मराजनं तांब्या घेतला आणि उभ्यानं रिकामा केला. "लई उपकार, वैनी."

गंगव्वा आत जाऊन परत भरून आली. ह्या वेळी आधी आसाकडं बोट, मग तांब्याकडं, मग स्वतःच्या छातीकडं.

"नागोजी मामा सकाळपास्नं उनात हाईत, त्यास्नी बी द्या, म्हनतीया. आन् उरलं तर मला."

नागोजी प्यायला. उरलं ते शेवंताबाई प्यायल्या.

तिसऱ्या वेळी गंगव्वानं कुणाच्या हाती तांब्या जाऊच दिला नाही. सरळ उघड्या आसापाशी गेली आणि रोजच्यासारखं, रोजच्याच जागी, सगळं पाणी घातलं. मग वळून कपाळावर हात मारून घेतला. ह्याच्यापेक्षा उघड करून महादेवालासुद्धा सांगता आलं नसतं.

धर्मराजनं हातातली छन्नी खाली ठेवून हात जोडले.

"बघा," शेवंताबाई म्हणाल्या, "लोखंडाला पानी घालतीया. तापलंय ना ते बिचारं! आन् कपाळाला हात लावला म्हंजे, सगळ्यांनी नमस्कार करा."

सगळ्यांनी नमस्कार केला. नागोजीनं टोपीसुद्धा काढली. आण्णाप्पा धर्मराजला म्हणाला, "आमच्या घरात बायकोची भक्ती लई कडक," आणि त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. गंगव्वा रिकामा तांब्या घेऊन आत गेली आणि देव्हाऱ्यापुढं बसली.

देव्हाऱ्यात पितळेचा बारकासा महादेव होता. त्याला रोज धुऊन पुसून गंध लावायचं काम तिचंच. तिनं त्याच्याकडं बघितलं. बाहेर टेम्पो आला, सिलिंडर उतरल्याचा आवाज आला, मारुतीरावांचा खोकला आला. मारुतीराव म्हणजे दिवसाला वीस विड्या ओढणारा माणूस, आणि आगीचं काम करताना विडी विझवायची असते एवढी शिस्त पाळणारा. "कुठलं कापायचं?" असं ते विचारत होते.

गंगव्वाला वाटलं, देवाला दिलेला शब्द मोडला तर देव रागावेल. रागावू दे. तो मोठा आहे, परत समजूत काढता येईल. मष्णू तर वस्तीवर जाऊन बायकोला काय सांगत असेल?

ती उठली. देवाला म्हणाली, आणि मनात नाही, चांगलं तोंडानं म्हणाली, "चुकले. पुन्हा पहिल्यापास्नं धरते."

बाहेर मारुतीरावांनी काळा चष्मा चढवला होता. नळीच्या तोंडाला निळी जीभ फुटून फुसफुसत होती. गंगव्वा आस आणि ती जीभ यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "जळलं न्हाय ते. गंजलंय. आन् मी गंजवलंय."

तिचा आवाज एरवीही एवढा हळू की भिंतीपलीकडच्या माणसाला तिच्या घरात भांडण असतं ते एकट्या आण्णाप्पाचंच वाटायचं. पण सोमवारी गंगव्वा बोलली म्हटल्यावर तो आवाज अख्ख्या अंगणाला ऐकू गेला. मारुतीरावांनी आग बंद केली.

शेवंताबाईंनी घसा साफ केला. "ती काय म्हनतीया म्हंजे..."

"मी म्हनतीया ते कळलंय त्यास्नी, शेवंताबाई."

मग तिनं सांगितलं. घोटा, तांब्या, रोज सकाळी, नऊ वर्षं. धर्मराज खाली बसला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, बोटं संपली, परत पहिल्यापासून मोजलं. "म्हंजे तीन हजाराच्या वर तांबे," तो म्हणाला. "वैनी, वेदगंगेत बुडवून ठेवला असता तर बरं हुतं. नदी उन्हाळ्यात तरी आटतीया."

सगळ्यांचं लक्ष आता आण्णाप्पाकडं गेलं. शेवंताबाई दोन पावलं मागं सरकल्या. आण्णाप्पाचा चेहरा तांबडा झाला, मानेच्या शिरा फुगल्या, त्यानं तोंड उघडलं.

"तुला असली अक्कल सांगितली कुनी?"

"आत्तींनी."

आण्णाप्पाचं तोंड तसंच उघडं राहिलं. ओरडायचं तर आता आईवर ओरडायला हवं होतं, आणि आईवर ती जिवंत असतानासुद्धा त्याचं धाडस झालं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं. परत उघडलं. आतून फक्त हवा आली. सगळा राग घशापर्यंत येऊन आत परत कसा गेला, ते गावानं डोळ्यांनी बघितलं.

"आन् मष्णूला हे ठावं हुतं," गंगव्वा म्हणाली. "रोज बघत हुता त्यो."

"मग बोलला का न्हाय?"

"माझं नाव आलं असतं म्हनून. त्यानं पानी न्हाय म्हटलं, तवा तुमी ग्रीस न्हाय म्हटलासा."

आण्णाप्पा बॉनेटवरच्या चावीकडं बघत राहिला. मग, त्याच्या मानानं फारच हळू, म्हणाला, "धर्मराज, गंजलेलं असलं तर आत कसं दिसतंय?"

"तांबडं. जळलेलं असलं तर काळं-निळं."

"बरं. सकाळी कडं निघू दे. तांबडं दिसलं तर मी सवता मष्णूच्या दारात जातो. कुनाला धाडत न्हाय."

"आन् तिथं वरडायचं न्हाय," गंगव्वा म्हणाली.

"न्हाय वरडत."

"माफी हळूच मागायची असतीया."

"व्हय म्हनलो न्हवं मी!" आण्णाप्पा ओरडला, आणि लगेच इकडंतिकडं बघून खाली बसला.

मारुतीराव काही न कापताच परत गेले. जाताना त्यांनी भाड्याबरोबर दोन कप चहा वसूल केला. रेशनचं रॉकेल घरात दीड बाटलीच होतं. गंगव्वानं कंदिलापुरतं ठेवून बाकीचं दिलं. धर्मराजनं जुन्या धोतराच्या चिंध्या रॉकेलमध्ये बुचकळून कड्याभोवती पट्टीसारख्या बांधल्या, वर गोणपाट गुंडाळलं, आणि मुक्कामाला थांबला. दिवेलागणीनंतर त्याला जेवायला वाढून गंगव्वानं स्वतःचा उपवास सोडला. शेवंताबाईंनी हिशेब केला की आता आणखी सोळा सोमवार, म्हणजे पार फाल्गुनापर्यंत गंगव्वाला दुभाषी लागणार, आणि त्या समाधानानं घरी गेल्या.

सकाळी उजाडल्यावर धर्मराजनं चिंध्या सोडल्या. लाकडाचा ठोकळा घेतला, कड्याच्या एका बाजूला टेकवला, हातोड्यानं हळूच ठोकलं. मग दुसऱ्या बाजूला. मग खाली, मग वर. पुन्हा पहिल्या बाजूला. जोर असा नाहीच. लहान मुलाला झोपवताना थोपटावं तसं. आण्णाप्पा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता आणि कधी नव्हे ते त्याला बोलायचं सुचत नव्हतं. नागोजी म्हातारा हातात दातण घेऊन आला आणि दात घासायचे विसरला.

बराच वेळ काही झालं नाही. मग "चक्" असा एक बारका आवाज झाला. कडं केसभर सरकलं. धर्मराजनं हातोडा थांबवला नाही की वेग वाढवला नाही. सरकत सरकत कडं आसाच्या टोकाशी आलं आणि त्याच्या तळहातात पडलं. आसावर ओरखडासुद्धा नव्हता.

धर्मराजनं कडं उजेडाकडं धरलं. आतून ते तांबडं होतं. वीट उगाळून लावल्यासारखं तांबडंभडक.

"नवं बेरिंग निपाणीत मिळतंय," तो म्हणाला. "दुपारपातूर चाक बसवतो. गुरुवारची तोड चुकत न्हाय, आण्णा."

आण्णाप्पानं कडं हातात घेतलं, बोट आत फिरवलं, बोटाला लागलेला गंज बघितला. मग कडं धर्मराजला परत दिलं. बॉनेटवरची चावी उचलून खिशात घातली. आत जाऊन टोपी घालून आला. गंगव्वा दारात उभी होती. तो तिच्याशी बोलला नाही, तीही बोलली नाही. मंगळवार होता, बोलायला दोघांनाही मोकळीक होती.

नागोजीनं विचारलं, "कुठं, आण्णाप्पा, सकाळच्या पारी?"

आण्णाप्पानं ओठांवर बोट ठेवलं आणि चपला घालून ओढ्याची वाट धरली. ऊस दोन्ही बाजूंनी उंच होता, त्यातून त्याची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. बांधावर एका ठिकाणी ती थांबली. तो काहीतरी म्हणून बघत असावा, कारण हात एकदा पुढं झाला आणि परत खाली आला. मग टोपी पुन्हा चालायला लागली, ओढ्यात उतरली, आणि पलीकडच्या चढावर वस्तीच्या दिशेनं हळूहळू वर जाताना दिसली.